फक्त डावीकडच्यावर हल्ला

खेळाचे नियम करणं हे मला सहज जमण्यासारखं काम आहे, असं मी धरून चाललो होतो. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. 'आग' म्हणजे काय, आणि घर जळून गेलेलं असूनही ती आग आमच्या व्याख्येत का बसत नाही, हे लोकांना शांतपणे समजावून सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. तेव्हा चार माणसांनी रविवारी संध्याकाळी पत्ते कसे खेळावेत याचा एक कागद तयार करणं मला काय कठीण? बायकोला शंका होती. पण तिला माझ्याबद्दल एकूणच बऱ्याच शंका असतात, त्या सगळ्या मनावर घ्यायच्या तर माणसाने घराबाहेर पडायलाच नको.

पत्ते म्हणजे राजा-राणी-गुलामाचे नव्हेत. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, तेव्हा त्याच्या कपाटात बुटांच्या खोक्यांत भरलेले चित्रांचे पत्ते मागे राहिले. एका पत्त्यावर एक प्राणी. कुणाला पंख, कुणाला शिंगं, कुणाला दोन्ही आणि शिवाय चिलखत. कोपऱ्यात त्याची ताकद आकड्यात, आणि खाली तो काय काय करू शकतो ते अशा बारीक अक्षरात, की आमच्या कंपनीनेच छापलंय असं वाटावं. प्रत्येकाने आपल्याकडच्या पत्त्यांतून आपला गठ्ठा बांधायचा आणि आपले प्राणी दुसऱ्यावर सोडायचे. सुरुवातीला प्रत्येकाकडे वीस प्राण. ते संपले की माणूस बाद. एवढाच खेळ. मेख अशी, की हे पत्ते दुकानात विकत मिळतात.

बायकोने फोनवर मुलाला विचारलं, रद्दीत घालू का? तो म्हणाला, नको, तुम्हीच खेळा. तो थट्टेने म्हणाला होता. पण त्याच आठवड्यात दादा जेवायला आला आणि जेवण झाल्यावर त्याने सहज एक खोकं पुढे ओढलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचा, आता निवृत्त. वहिनी गेल्यापासून तो आमच्याकडे रविवारी यायचा, वाढलेलं खायचा, विचारलेल्याचं उत्तर द्यायचा आणि निघायचा. त्या दिवशी मात्र त्याने खोक्यातले पत्ते टेबलावर मांडायला घेतले. पाण्यातले प्राणी एकीकडे, डोंगरातले दुसरीकडे, वाळवंटातले तिसरीकडे. बऱ्याच वेळाने मान वर करून म्हणाला, "हा बेडूक वाळवंटात कसा काय?"  किती महिन्यांनी दादाने स्वतःहून काही विचारलं होतं, ते माझ्या आणि बायकोच्या एकदमच लक्षात आलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, की दर रविवारी हा खेळ खेळायचा.

दोघांत रंगत येईना म्हणून आणखी दोघं जमवली. समोरच्या फ्लॅटमधल्या कॅशियरबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. हातात काहीही कागदी आलं की अंगठा जिभेला लावून मोजायला लागतात. आणि वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर. पत्त्यांवरची मूळ नावं उच्चारताना डॉक्टरांचीसुद्धा जीभ अडखळायची, म्हणून बाईंनी सगळ्या प्राण्यांना सोपी नावं ठेवली. तशा त्या खेळालाही नावं ठेवत होत्याच, पण येत होत्या.

दोन रविवार छान गेले. दादा फक्त पाण्यातले प्राणी घ्यायचा. मासे, कासवं, दीपगृहाचा एक म्हातारा राखणदार. जिंकण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला समोर एक नीट सरोवर तयार झालेलं हवं असायचं. दुसऱ्या रविवारी डॉक्टर त्याच्याकडून हरले. हसत हसत हरले. आणि तिसऱ्या रविवारी आले ते चेन लावलेली एक काळी पेटी घेऊन. आत नवे कोरे पत्ते, प्रत्येक पत्ता वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. त्यात एक काचेचा ड्रॅगन होता. मी चहाला आधण ठेवलं, ते उकळेपर्यंत दादाचं सरोवर आटलेलं होतं.

दादाने पत्ते गोळा केले, चहा घेतला, गेला. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, घसा बसलाय. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता.

"आता कान उरलेत," बायको म्हणाली. "तेवढे धरायच्या आत काहीतरी करा."

डॉक्टरांना बोलवायचंच बंद करावं, हा सरळ उपाय होता. पण माझ्या उजव्या दाढेचं काम त्यांनी नुकतंच हाती घेतलं होतं. आतून पोखरून, वरून तात्पुरतं काहीतरी भरून ठेवलेलं. अशा अवस्थेत माणूस दाताच्या डॉक्टरांशी संबंध बिघडवत नाही. म्हणजे डॉक्टर राहणार, दादालाही आणायचं, आणि ड्रॅगन विकत घेऊन उपयोग होणार नाही असा खेळ करायचा. मी कोरा कागद पुढे घेतला, वर 'नियमावली' असं लिहिलं, खाली रेघ मारली. रेघ फार सुंदर आली होती. त्या दिवशीचं समाधान एवढंच.

पहिला नियम मी ऑफिसच्या पद्धतीने केला. प्रत्येक पत्त्याचं मूल्यांकन करायचं, एक ते दहा गुण. कुणाच्याही गठ्ठ्याचे एकूण गुण शंभरच्या वर जाता कामा नयेत. मी भिंग घेऊन पत्त्यांना गुण देत बसलो. ड्रॅगनला दहा दिले. डॉक्टर अपील घेऊन खाली आले. त्यांचं म्हणणं, तो काचेचा आहे, नाजूक आहे, त्याला चारच्या वर देणं हा अन्याय होईल. ऑफिसात लोक जळालेल्या जुन्या फ्रिजची किंमत नव्याच्या दुप्पट सांगतात, त्याची मला सवय आहे. पण स्वतःचीच वस्तू कशी कुचकामी आहे हे पोटतिडकीने पटवून देणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. मी दहावर ठाम राहिलो. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आणि एकदम समजूतदारपणे वर गेले. तेव्हाच मला काय ते कळायला हवं होतं.

रविवारी त्यांनी जो गठ्ठा आणला, त्यात नुसते उंदीर होते. एका उंदराला मी एकच गुण दिला होता. शंभर गुणांत शंभर उंदीर. दादाला मी फोन करून, नवे नियम खास तुझ्यासाठी केलेत असं सांगून आणलं होतं. पहिल्या काही हातांतच त्याचं सरोवर उंदरांनी भरून गेलं. दादा एक उंदीर हातात घेऊन निरखत म्हणाला, उंदीर पोहतात हे बरोबर आहे.  मी नियमावलीत 'उंदीर' या शब्दाची व्याख्या घालायला घेतली, पण मग घुशींचं काय, असा मुद्दा बाईंनी काढला, आणि तो मुद्दा बिनतोड होता.

दुसरी आवृत्ती मी मुळापासून वेगळी केली. कुणीही घरून काही आणायचं नाही. सगळे पत्ते एकत्र पिसायचे, प्रत्येकाला एकेक छोटी चळत द्यायची. त्यातला एक पत्ता आपल्यासाठी ठेवायचा आणि उरलेली चळत डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून आलेल्या चळतीतून पुन्हा एक. असं करत करत चौघांचे गठ्ठे तिथेच तयार होणार. कागदावर हे इतकं न्याय्य दिसत होतं, की मी ते ऑफिसात एकाला दाखवलंसुद्धा. तो म्हणाला, छान आहे, पण हे काय आहे?

प्रत्यक्षात असं झालं, की बाई आलेली चळत आधी मोजायच्या. पत्ते बरोबर आहेत ना, याची खात्री करून मग निवड. दर वेळी अंगठा जिभेला. दुसऱ्या फेरीपर्यंत पत्त्यांचे कोपरे मऊ पडले. डॉक्टरांनी खिशातून दवाखान्यातले रबरी हातमोजे काढले आणि चढवले. बाईंनी ते पाहिलं. त्यानंतर त्या डॉक्टरांशी जे काही बोलल्या ते माझ्यामार्फत बोलल्या, म्हणजे "त्यांना सांगा, त्यांची पाळी आहे" असं. डॉक्टर अर्थात दोन हातांच्या अंतरावरच बसलेले होते.

दादाची वेगळीच तऱ्हा. तो चळतीतला प्रत्येक पत्ता वाचायचा, खालच्या बारीक अक्षरासकट. डॉक्टरांकडून येणाऱ्या चळती त्याच्या कोपराशी साचत जायच्या आणि त्याच्या डावीकडे मी रिकाम्या हाताने बसलेलो. पण खरी गोम नंतर कळली. दादाच्या आधी चळत डॉक्टरांच्या हातातून जात होती, आणि दादाला पाण्यातलेच प्राणी हवे असतात हे त्यांना ठाऊक होतं. मासा दिसला की ते तो काढून घ्यायचे. त्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेवटी दादासमोर जमलं काय, तर एक कासव, एक ज्वालामुखी आणि काही भुतं.

"यात जगणार कोण?" दादाने विचारलं. प्रश्न भूगोलाचा होता, पण मला लागला.

त्या रविवारी बाई आणि मी न ठरवताच एक झालो आणि दोघांनी मिळून डॉक्टरांना सगळ्यात आधी बाद केलं. फार बरं वाटलं, पण थोडाच वेळ. कारण बाद झालेले डॉक्टर घरी गेले नाहीत. ते टेबलाभोवती फिरत राहिले, प्रत्येकाच्या मागे उभं राहून त्याचे पत्ते पाहत राहिले आणि जिभेने च्च, च्च करत राहिले. मधेच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, दाढ काय म्हणतेय? मी पुढच्याच हाताला चुकलो.

म्हणून तिसरी आवृत्ती. तिच्यात मी असा नियम केला, की कुणीही उठून कुणावरही तुटून पडायचं नाही. फक्त डावीकडच्यावर हल्ला. प्रत्येकाला एक शत्रू आणि प्रत्येकजण एकाचा शत्रू. टोळक्याने कुणाला गाठायला नको, सूड नको, दाढेची चौकशी नको. मला आजही तो नियम आवडतो. पण डावी बाजू लागते त्याला. आमचं जेवणाचं टेबल भिंतीला टेकवलेलं आहे, त्यामुळे कोपऱ्यावर बसणाऱ्याच्या डावीकडे फ्रिज येतो. बाईंच्या डावीकडे फ्रिज आला. त्या म्हणाल्या, मला चालेल. टेबल मधे ओढावं तर स्वयंपाकघराचं दार उघडेना. बायको आत होती. तिने दाराच्या फटीतून मला दोन वाक्यांत काय ते सांगितलं आणि टेबल परत भिंतीला गेलं.

इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याच्या पंपाशेजारी सोसायटीची एक खोली आहे. तिथे एक गोल टेबल आहे. वर्षातून एकदा तिथे सभा होते आणि उरलेलं वर्ष त्या टेबलावर जुने दिव्यांचे बल्ब पडलेले असतात. मी सेक्रेटरींकडे अर्ज दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग चष्मा बदलून बसून वाचला, आणि 'पत्ते' या शब्दाखाली बोट ठेवलं. सोसायटीच्या आवारात पत्ते खेळायला मनाई आहे. फार पूर्वी कुणीतरी काहीतरी केलं होतं म्हणून तो ठराव झाला होता. काय केलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण ठराव होता. मी म्हटलं, हे ते पत्ते नव्हेत. ते म्हणाले, ज्याला पत्ता म्हणतात तो पत्ता. ही व्याख्या ऐकून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. असा माणूस आमच्या विभागात हवा होता.

मी दुसरा अर्ज केला, त्यात 'सचित्र चर्चा' असं लिहिलं. त्यांनी विचारलं, चर्चेचा विषय? एव्हाना जिन्यात भेटेल तो मला सल्ला देऊ लागला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या मास्तरांनी सुचवलं, की पत्ते सोडा आणि बुद्धिबळ खेळा, त्याचे नियम तयार आहेत. त्यांच्या मिसेसनी बायकोला विचारलं, की हे सगळं रिटायर व्हायच्या आधीच सुरू झालं का? शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. कमिटीने प्रत्यक्ष येऊन पाहणी करावी आणि जुगार नाही अशी खात्री पटल्यास परवानगी द्यावी.

पाहणीसाठी सगळी कमिटी आली, अध्यक्षांसकट. आम्ही चौघे गोल टेबलाशी बसलो होतो. दादालाही मी आणलं होतं. खरं तर बायकोने आणलं होतं, "भाऊजी, यांची अब्रू आहे, या" असं म्हणून. सेक्रेटरी माझ्यामागे उभे राहून पाहत होते. जुगार आहे की नाही हे लांबून कळत नाही, असं म्हणून ते दोन मिनिटांसाठी बसले. त्यांना बसलेलं पाहून अध्यक्षांना उभं राहणं प्रशस्त वाटेना. खुर्च्या आल्या. बाईंनी सवयीने सगळ्यांना मोजून पत्ते दिले. चौघांसाठी बेतलेल्या खेळात अख्खी कमिटी शिरली, आणि मी काही बोलायच्या आत सेक्रेटरींनी माझी नियमावली मागून घेऊन तिच्यात दुरुस्त्या सुरू केल्या.

पहिली दुरुस्ती, अध्यक्षांवर पहिल्या फेरीत हल्ला होऊ नये. ती पदामुळे. दुसरी, हल्ला करण्याआधी तो मांडावा आणि कुणीतरी त्याला अनुमोदन द्यावं. तिसरी, काही वाद झाल्यास नियम-उपसमिती निर्णय देईल. उपसमितीत मी नव्हतो. मी नम्रपणे विचारलं, की नियम मी केलेत, तर निदान... त्यावर मला निमंत्रित सदस्य करण्यात आलं, मताधिकाराशिवाय.

माझ्या उजव्या हाताला बाई बसल्या होत्या. त्यांचा शत्रू मी, नियमाप्रमाणे. त्यांनी हल्ला मांडला, डॉक्टरांनी ताबडतोब अनुमोदन दिलं, आणि मी केलेल्या खेळातून मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो. मला उठून पंपाच्या बटणाखालच्या घडीच्या खुर्चीवर बसावं लागलं. ती खुर्ची उघडते पण पूर्ण उघडत नाही. थोड्या वेळाने दादा बाद झाला. तो येऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

टेबलाशी खेळ चालूच होता. मोठा रंगला होता. एका ठरावाला अनुमोदन मिळत नव्हतं, अध्यक्ष हसत होते, डॉक्टर आणि बाई हातमोजे विसरून एकमेकांशी थेट बोलत होते. आमच्या दोघांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कुणाची चूक नव्हती त्यात. ज्याचा डाव संपला त्याच्याकडे बघायला डावात असलेल्या माणसाला वेळ नसतो. मी दादाला म्हटलं, हे बघ, तिसऱ्या आवृत्तीत काही त्रुटी आहेत. तो म्हणाला, निघतो.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. चालता चालता मी चौथ्या आवृत्तीबद्दल बोलत होतो. बाद झालेल्याला काही काम द्यावं, म्हणजे चहा आणणं किंवा गुण लिहिणं, असं काहीतरी. फाटकाशी दादा थांबला.

"तू नियम चांगले केलेस," तो म्हणाला. "पण एक जण बाद होतो, बाकीचे खेळत राहतात आणि त्याने बघत बसायचं. ते मी घरी करतोच. त्यासाठी इथवर कशाला येऊ?"

 मी विचारलं, मग काय करायला हवं?

"एक बाद झाला की डाव संपवायचा. सगळ्यांचाच. पत्ते गोळा करायचे, पुन्हा वाटायचे."

"पण मग जिंकलं कोण?"

"ते तू बघ," दादा म्हणाला. "तुझं खातं आहे."

तो गेला. मी फाटकाची कडी लावली. मग आत जाऊन उपसमितीकडून माझी नियमावली परत मागितली. ती मिळाली नाही. कमिटीने दप्तरी दाखल करून घेतली होती. खोलीची परवानगीही मंजूर झाली होती, पण ती कमिटीच्या रविवारच्या बैठकीसाठी. आणखी दोन आठवड्यांनी मला चिठ्ठी आली, की निमंत्रित सदस्य सलग गैरहजर असल्याची नोंद घेण्यात आली आहे.

त्या पाहणीनंतरच्या सोमवारी ऑफिसात एक पूर आलेल्या गोदामाचा दावा समोर ठेवून मी दादाच्या नियमाचा विचार करत होतो. एक बाद झाला की डाव संपणार. मग त्या घटकेला ज्याच्याकडे सगळ्यात जास्त प्राण शिल्लक तो जिंकला, असं म्हणता येईल. हे एवढं एक वाक्य मी दावा-पत्रकाच्या मागे लिहिलं आणि त्याला काही पोटकलमं जोडता येतात का ते पाहिलं. जोडता येत नव्हती. मला जरा हुरहूर लागली. मी दादाला फोन करून वाक्य वाचून दाखवलं. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मला वाटलं आता कान दुखत असणार.

"रविवारी इकडे या," तो म्हणाला. "चौघंच. कमिटी नको."

दादाच्या घरी आम्ही वहिनी गेल्यानंतर बसायला म्हणून गेलोच नव्हतो. जायचो ते दारात डबा द्यायला. आत डोकावलं तर खिडक्या लावलेल्या असायच्या आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग. तो जेवायचा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, उभ्यानेच. त्या रविवारी गेलो तेव्हा खिडक्या उघड्या होत्या. टेबल पुसून खोलीच्या मधोमध ओढलं होतं, चारही बाजूंना खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याचा पेला. पेले एकाच संचातले होते. ते वहिनीचे ठेवणीतले होते हे मी ओळखलं. बाईंनी आल्या आल्या पाणी पिऊन टाकलं. डॉक्टरांनी काळी पेटी आणली होती, ती दादाने त्यांच्या हातातून घेतली, उघडली आणि सगळे पत्ते प्लास्टिकमधून काढून आमच्या ढिगात मिसळले. डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस जास्त काही बोलू शकत नाही.

निवडायचं वगैरे नव्हतं. वाटले ते घ्यायचे, नको तो पत्ता कुणाशी तरी बदलायचा. हल्ला मात्र अजूनही डावीकडच्यावरच. दादाने डॉक्टरांना सरळ विचारलं, मासे आहेत का, ज्वालामुखी देतो. डॉक्टरांनी मासे दिले आणि वर एक खेकडाही दिला. मासा मागितला असता तर त्यांनी तो आधीही दिला असता का, हे मला सांगता येणार नाही. आधी कुणी मागितलाच नव्हता.

डाव सुरू झाला आणि माझं नेहमीसारखं झालं. उजवीकडे बाई. त्यांनी उंदरांपासून सुरुवात केली आणि बघता बघता माझे तीनच प्राण राहिले. बाईंचे सगळ्यात जास्त. डॉक्टर त्यांच्या थोडे मागे, दादा डॉक्टरांच्या मागे. आता पुढच्या फेरीला बाई मला संपवणार आणि डाव जिंकणार, हे उघड होतं. मी उठायची तयारी केली.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, थांबा. त्यांनी टेबलावर नजर फिरवली, ओठ हलवत काही हिशेब केला, आणि आपला काचेचा ड्रॅगन उचलून माझ्यासमोर ठेवला. दुसऱ्याला वाचवायला आपला प्राणी आडवा घालता येतो, असा या खेळाचा मूळचाच नियम आहे. खोक्याच्या झाकणावर छापलेला आहे. आजपर्यंत तो कुणी वापरला नव्हता, कारण दुसरा मेला तर सगळ्यांची सोयच होती. आता मात्र मी मेलो की डॉक्टर हरणार होते. दादाही हरणार होता. दादाने दीपगृहाचा राखणदार ड्रॅगनच्या शेजारी आणून ठेवला.

त्यानंतर माझ्या जिवासाठी जे युद्ध झालं, तसं माझ्यासाठी कुणी कधी काही केलेलं नाही. बाई उंदीर सोडत होत्या, डॉक्टर आणि दादा ते आळीपाळीने अडवत होते, आणि दोघं एकमेकांना मासे, खेकडे देत घेत होते. दादा चक्क डॉक्टरांना सूचना देत होता. "डाव्या अंगाने येतील, तिकडे उथळ आहे," असं काहीतरी. डॉक्टर मान डोलावत होते. माझी पाळी आली की डॉक्टर माझ्याकडे वाकून, दवाखान्यातल्या त्या हलक्या आवाजात सांगायचे, की तुम्ही काही करू नका, नुसते बसा, हलू नका. मी फक्त आ करायचं बाकी होतं.

हे किती वेळ सहन करायचं? हा खेळ मी केला होता. निदान तीन आवृत्त्या तरी मी केल्या होत्या. आणि मलाच टेबलावर आजाऱ्यासारखं सांभाळलं जात होतं. माझ्या हातात एक बेडूक होता, तोच वाळवंटातला. माझ्या डावीकडे डॉक्टर बसले होते. त्यांच्यावर सोडला तर त्यांचे दोन प्राण कमी होणार होते. त्याने कुणाचं भलं होणार नव्हतं. पण माणसाने आपल्या पाळीला काहीतरी करावं, एवढंच त्या क्षणी मला वाटत होतं. मी बेडूक सोडला.

डॉक्टरांनी प्रतिक्षिप्त क्रियेने ड्रॅगन स्वतःकडे ओढून बेडकाला अडवलं. दादाचा राखणदार आणि मासे आधीच उंदरांना बळी पडले होते, त्यामुळे माझ्यापुढची जागा मोकळी झाली. बाईंनी मुळीच घाई केली नाही. अंगठा जिभेला लावला, तीन उंदीर मोजून काढले आणि माझ्यासमोर एकाशेजारी एक मांडले.

डाव संपला. बाई जिंकल्या.

आणि मग डॉक्टर आणि दादा दोघंही एकाच वेळी माझ्यावर तुटून पडले. डॉक्टर म्हणत होते, की मी स्पष्ट सांगितलं होतं हलू नका म्हणून. पण त्यांचा आवाज मला नीट ऐकूच येत नव्हता, कारण दादाचा आवाज त्याच्या वर होता. दादा उभा राहिला होता. तुला लहानपणापासून थांबता म्हणून येत नाही, आम्ही दोघं इथे तुझ्यासाठी मरतोय आणि तू बेडूक कसले सोडतोस, अक्कल गहाण ठेवलीस का, असं तो वर्गात बोलायचा त्या आवाजात, हातवारे करून, खुर्चीच्या पाठीवर थाप मारून बोलत होता. खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या घरातलं कुणीतरी डोकावून पाहून गेलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. मधे बोलायची माझी इच्छा नव्हती. तो जितका वेळ ओरडेल तितका मला हवाच होता.

दमल्यावर तो बसला. पेल्यातलं पाणी प्यायला. मग सगळे पत्ते पुढ्यात ओढले, पिसले आणि वाटायला घेतले.

"खुर्ची इकडे माझ्याजवळ आण," तो मला म्हणाला. "आता मला विचारल्याशिवाय एकही पत्ता टाकायचा नाहीस."

मी खुर्ची ओढून घेतली.